पहिल्या फुलांचा माग

निसवलेल्या ज्वारीच्या शेतातून सकाळच्या पारी चालत गेलात, तर सदऱ्याच्या बाहीवर बारीक पिवळसर भुकटी बसते. मक्याच्या तुऱ्याला धक्का लागला तर ती डोक्यावरच सांडते. भोपळ्याच्या नर फुलात बोट घातले तर बोट पिवळे होते. आपण हात झटकतो आणि पुढे चालू लागतो. आज या झटकून टाकलेल्या भुकटीचाच इतिहास सांगायचा आहे. पृथ्वीवर पहिली फुले केव्हा उमलली, हा प्रश्न मोठमोठ्या पंडितांना सुटत नव्हता. त्याचे उत्तर या भुकटीने आणि ती ज्यात तयार होते त्या पुंकेसरांनी दिले, कोट्यवधी वर्षे खडकात राहून दिले.

शिक्षक मित्र वर्गात फुलाचे भाग शिकवतात, तेवढी उजळणी आधी करू. फुलात पुंकेसर असतात. प्रत्येक पुंकेसराला खाली एक तंतू आणि वर परागकोश. परागकोशात बहुधा चार लहान पिशव्या असतात आणि त्यांत परागकण पिकतात. कोश फुटला की वाऱ्याने, माशीने, भुंग्याने हे कण दुसऱ्या फुलाच्या स्त्रीकेसरावर जाऊन पडतात आणि मग दाणा भरतो. फूल नाही तर कणीस नाही, शेंग नाही, बोंड नाही. ज्वारी, भात, तूर, ऊस, कापूस, आंबा ही सारी फुलझाडेच. आपले ताट आणि आपले वस्त्र, दोन्ही फुलावर उभे आहेत.

पण पृथ्वीच्या इतिहासात एक फार मोठा काळ असा गेला, की रानेच्या राने होती आणि त्यांत एकही फूल नव्हते. नेचे होते, सूचिपर्णी वृक्ष होते, सायकसची झाडे होती. अशा रानांतून अजस्र सरडे फिरत होते. मग फुलझाडे आली कोठून आणि केव्हा?

इंग्लंडातले थोर निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांना या प्रश्नाने फार छळले. त्यांच्या काळी खडकांचे जे थर तपासले गेले होते, त्यांत एक विचित्र गोष्ट दिसत होती. खालच्या, म्हणजे जुन्या थरांत फुलझाडांचा मागमूस नाही. आणि वरच्या थरांत, क्रिटेशस युगाच्या उत्तरार्धात, नाना तऱ्हेच्या रुंद पानांची झाडे एकदम, जणू रातोरात आलेली. हे क्रिटेशस युग सुमारे साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी सुरू झाले आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले. डार्विन यांचे सांगणे असे, की सृष्टीत बदल हळूहळू होतात. मग हे एकदम कसे झाले? २२ जुलै १८७९ रोजी त्यांनी आपले मित्र वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांना पत्र लिहिले आणि त्यात या प्रश्नाला जिवाला वैताग आणणारे कोडे म्हटले. दक्षिणेकडे कोठेतरी समुद्राने वेढलेली एखादी भूमी असेल, तेथे फुलझाडे आपल्याला न कळत वाढली असतील, असाही एक तर्क त्यांनी करून पाहिला. १८८२ साली ते वारले, तेव्हा कोडे तसेच होते.

आता तुम्ही विचाराल, की झाडाची पाने, खोडे, फळे खडकात सापडतात, मग जुनी फुले का सापडू नयेत? कारण उघड आहे. जाईचे फूल सकाळी वेचले तर संध्याकाळी कोमेजते. पाकळी चिखलात पडली तर दोन दिवसांत कुजून जाते. शिवाय शोधणारे लोक डोळ्यांना दिसेल एवढ्या मोठ्या वस्तू शोधत होते. पुरावा होता तो धुळीएवढा.

ही धूळ टिकली कशी, ते आता पाहू. परागकण अतिशय बारीक असतो. एका मिलिमीटरच्या रेघेवर मध्यम आकाराचे तीस-चाळीस कण शेजारी शेजारी बसतील. पण त्याचे बाहेरचे कवच मोठे चिवट असते. वनस्पतींनी निर्माण केलेल्या अत्यंत टिकाऊ पदार्थांपैकी ते एक. आतला जीव मरून गेला, आतला रस सुकला, तरी कवच राहते. तळ्याच्या किंवा खाडीच्या बारीक गाळात ते हवेपासून बंद पडले, की लाखो नव्हे, कोट्यवधी वर्षे राहते. म्हणून अभ्यासक खडकाचा तुकडा आम्लात विरघळवतात. एका आम्लाने चुना जातो. वाळूचा अंश घालवायला काचेलाही खाणारे जहाल आम्ल वापरतात. तो प्रयोगशाळेतला उद्योग आहे, शाळेत कोणी करू नये. सगळा दगड विरघळला तरी परागाचे कवच तसेच उरते. मग ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे.

स्वीडनचे लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली दलदलीच्या थरांतील पराग मोजून त्या भागात पूर्वी कोणकोणती राने होती हे दाखवले. पुढे कोळशाचा आणि खनिज तेलाचा शोध घेणाऱ्यांनाही ही विद्या उपयोगी पडू लागली, कारण थराथरातल्या परागांवरून थराचे वय ओळखता येते.

परागकण ओळखायचा कसा? त्याच्या कवचाला खाचा किंवा छिद्रे असतात, त्यांतून पुढे परागनळी बाहेर येते. ज्वारी, गहू, भात या गवताच्या कुळातल्या परागाला एकच छिद्र असते. तुरीच्या परागाला तीन खाचा असतात. शिवाय कवचावरची नक्षी निराळी. फुलझाडांच्या बहुतेक परागांच्या कवचाला आतून बारीक खांब असतात आणि त्या खांबांवर छप्पर घातल्यासारखा वरचा पापुद्रा असतो. ही बांधणी एखाद्या घराण्याच्या दागिन्यासारखी आहे; पाहणाऱ्याला घराणे कळते.

१९५८ साली कूपर नावाच्या संशोधकाने इंग्लंडातल्या जुन्या थरांत एका खाचेचा एक परागकण नोंदवला. त्याला क्लॅव्हॅटिपोलेनाइटिस असे लांबलचक नाव मिळाले. वय सुमारे साडेबारा कोटी वर्षे, आणि बांधणी फुलझाडाच्या परागासारखी. पुढे अमेरिकेत जेम्स डॉइल यांनी १९६९ साली वॉशिंग्टन शहराजवळच्या पोटोमॅक थरांतील पराग खालपासून वरपर्यंत क्रमाने तपासले. नंतर लिओ हिकी यांनी त्याच थरांतील पानांची जोड या कामाला दिली. काय दिसले? सर्वांत खाली एका खाचेचे मोजके परागकण. थोडे वर आल्यावर तीन खाचांचे साधे कण. आणखी वर गेल्यावर खाच आणि छिद्र दोन्ही असलेले. पानेही तशीच, खाली लहान आणि वेड्यावाकड्या शिरांची, वर रेखीव आणि नाना आकारांची. म्हणजे फुलझाडे रातोरात आली नव्हती. बिऱ्हाड हळूहळू वाढत गेले होते. आपण फक्त घर भरल्यावर आत डोकावलो होतो.

पण एवढ्याने काम भागले का? नाही, आणि हीच या गोष्टीतली खरी अडचण आहे.

समजा, रस्त्यावर तुम्हाला ज्वारीचा एक सुटा दाणा सापडला. ज्वारी आहे एवढे कळेल. पण कोणाच्या शेतातली, कणीस कसे होते, ताट किती उंच होते, हे तो दाणा सांगणार नाही. तेच जर अख्खे कणीस हाती आले, तर पुष्कळ काही कळेल. खडकातला सुटा परागकण हा असाच रस्त्यावरचा दाणा. सायकससारख्या बिनफुलाच्या झाडांच्या परागालाही एकच खाच असते. मग हा कण खरोखर फुलातलाच कशावरून? आणि फुलातला असेल तर ते फूल कसे होते? याला उत्तर एकच. परागकण त्याच्या कोशात, म्हणजे पुंकेसरातच सापडला पाहिजे.

आणि तो सापडला. कसा सापडला, ते ऐकण्यासारखे आहे.

आपल्या चुलीतला बाभळीचा कोळसा हातात घेऊन पाहा. लाकूड जळले, पण लाकडाच्या रेषा, वर्तुळे जशीच्या तशी. हवा कमी असताना वस्तू जळली की राख होत नाही, कोळसा होतो आणि आकार राहतो. क्रिटेशस काळातही रानांत वणवे लागत. त्या वणव्यात जमिनीवर पडलेली बारीक फुले, कळ्या, पुंकेसर यांचा कोळसा झाला. पावसाच्या पाण्याने तो वाहून गाळात गेला. कोळशाला कीड लागत नाही, तो कुजत नाही.

डेन्मार्कच्या संशोधक एल्से मारी फ्रीस आणि त्यांच्या सहकारी ॲनी स्कारबी यांनी दक्षिण स्वीडनमधल्या ओसेन येथील अशा गाळातून फुले काढली आणि १९८१ साली जगापुढे मांडली. सोनाराच्या दुकानापुढची माती धुऊन सोन्याचा कण काढणारा झारेकरी असतो ना, तसेच हे काम. गाळ पाण्यात कालवायचा, बारीक चाळणीतून धुवायचा आणि उरलेला काळा चुरा सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण करून निवडायचा. त्या चुऱ्यात मिलिमीटर-दोन मिलिमीटरांची फुले निघाली. वय सुमारे आठ कोटी वर्षे. पुंकेसर जागच्या जागी, आणि कित्येकांच्या कोशांत पराग.

पुढे फ्रीस, पीटर क्रेन आणि काय राउन्सगोर पेडरसन या तिघांनी हीच रीत पोर्तुगालच्या आणखी जुन्या थरांना लावली. तेथे तर सुट्या पुंकेसरांचा मोठा साठा निघाला. त्यांतले बरेचसे आजच्या मानाने फार लहान. तंतू आखूड, कोशांतल्या पिशव्या चिमुकल्या, पराग थोडा. काही कोश झडपा उघडून फुटणारे. दालचिनीच्या कुळातल्या झाडांचे परागकोश आजही असेच लहान झडपा वर उचलून उघडतात. सवड असेल तेव्हा भिंगाखाली पाहा. पराग थोडा, त्याअर्थी ही फुले नुसती वाऱ्याच्या भरवशावर नव्हती. वाऱ्यावर उधळायचे तर मक्यासारखा भरपूर पराग लागतो. थोड्या परागात काम भागवायचे तर तो नेमका पोचवणारा कोणी हवा. म्हणजे लहानसहान किडे आणि फुले यांचा शेजार फार जुना.

आता सुटा दाणा आणि कणीस यांची गाठ कशी पडली, त्याचा एक नमुना सांगतो. पोर्तुगालच्या थरांत एका जातीचा सुटा पराग मिळत होता, त्याला पेनिपॉलिस म्हणतात. तो कोणाचा, हे ठाऊक नव्हते. मग काही पुंकेसर मिळाले, त्यांच्या कोशांत नेमका हाच पराग. त्यांना नाव दिले पेनिस्टेमॉन. निराळीच काही बारीक फळे मिळाली होती, ती पेनिकार्पस. त्यांच्यावर चिकटलेला परागही हाच. २००० साली हा जोड प्रसिद्ध झाला. धूळ एकीकडे, पुंकेसर दुसरीकडे, फळ तिसरीकडे. परंतु तिघांत पराग एक, म्हणून तिन्ही एका जातीच्या झाडांची. नदीच्या पुरात ताटातूट झालेले कुटुंब हातावरच्या गोंदणावरून ओळखावे, तसे हे झाले. दुसऱ्या वर्षी, २००१ साली, पोर्तुगालमधूनच कमोदिनीच्या गोतातले एक चिमुकले फूल याच तिघांनी नोंदवले. आपल्या तळ्यातल्या कमोदिनीचे घराणे किती पुरातन, हे त्यावरून कळते.

कूपरला सापडलेला तो एका खाचेचा पराग क्लोरँथस या झाडाच्या कुळाशी जुळतो, असे पुढे पुष्कळांना पटले. स्वीडनच्या कोळशात त्या कुळाचे तीन पाळ्यांचे पुंकेसरही निघाले आणि १९८९ साली त्याचे वर्णन झाले. क्लोरँथसची झुडपे आजही ईशान्य भारताच्या रानांत आहेत. त्यांना पाकळ्या नाहीत, भपका नाही. घराणे जुने, राहणी साधी.

एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे. १९९८ साली चीनमधल्या लिआवनिंग प्रांतातून आर्किफ्रुक्टस नावाची एक वनस्पती पुढे आली. पाकळी एकही नाही, वर फळे आणि त्यांच्या खाली जोडी-जोडीने पुंकेसर. आरंभी तिचे वय जुरासिक काळाइतके, म्हणजे चौदा कोटी वर्षांहून जास्त सांगितले गेले. मग त्या थरांतल्या ज्वालामुखीच्या राखेचे वय काढले गेले आणि ते सुमारे साडेबारा कोटी निघाले. वनस्पती खरी, तिचे पुंकेसर खरे. चुकले होते ते थराचे वय. तेव्हा जीवाश्म किती सुंदर आहे यापेक्षा तो कोणत्या थरातला आहे, हे आधी विचारावे.

श्रोतेहो, हे सगळे परदेशातले झाले. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडातही फुले आहेत, बरं का. ती पहिली फुले नव्हेत. त्यांचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. पण जोड लावण्याचे तेच काम आपल्याकडे पोर्तुगालच्या किती तरी आधी झाले आहे.

आपला दख्खनचा पठार लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला. एक थर निवून दुसरा येईपर्यंत मधल्या काळात तळी होत, झाडे वाढत. त्या तळ्यांत पडलेली पाने-फुले गारेच्या द्रवाने भरून दगड झाली. नागपूरजवळच्या टाकळीला रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी गेल्याच्या गेल्या शतकात, १८५०च्या सुमारास, अशी फळे आणि बिया गोळा केल्या. नागपूरच्या उत्तरेला छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान नावाचे गाव आहे. तेथल्या दगडात सापडलेल्या एका फळाचे वर्णन प्राध्यापक बिरबल साहनी यांनी १९४३ साली केले. नाव ठेवले एनिग्मोकार्पन, म्हणजे कोड्याचे फळ. पुढच्याच वर्षी, १९४४ साली, व्ही. बी. शुक्ल यांनी त्याच गावच्या दगडातले एक फूल नोंदवले आणि साहनींच्या सन्मानार्थ त्याला साहनिआंथस म्हटले. फुलातल्या बीजकोशाची ठेवण त्या फळाशी जुळत होती. कोड्याच्या फळाला त्याचे फूल मिळाले! श्या चितळे यांनी १९५१ साली याच मोहगावच्या दगडातील सूक्ष्म अवशेषांवर निबंध लिहिला आणि पुढे त्या फुलाचाही अधिक अभ्यास केला. पुण्याचे त्र्यं. शं. महाबळे आणि देशपांडे यांनी १९५७ साली खाडीकाठच्या चिप्पीच्या झाडाशी या जीवाश्मांचे नाते तपासले. साहनींनी फळाचे गोत मेंदीच्या कुळात लावले होते. आज चिप्पीही त्याच कुळात घालतात. धायटी त्याच कुळातली आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्प तामण, तेही त्याच कुळातले.

साहनी १० एप्रिल १९४९ रोजी वारले. त्याच्या आठवडाभर आधी, ३ एप्रिलला, लखनौच्या पुरावनस्पती संस्थेची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते बसली होती. त्या कोनशिलेतच जीवाश्म बसवलेले आहेत.

मग डार्विन यांचे कोडे सुटले का? बरेचसे सुटले. इंग्लंड आणि इस्राएल येथील थरांतून सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीचे फुलझाडांचे पराग मिळाले आहेत. तेथून पुढे साध्याकडून विविधतेकडे गेलेली वाट पराग आणि पुंकेसर दोघेही दाखवतात. त्याआधी काय होते, यावर अजून वाद आहे. सजीवांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करणारे काही शास्त्रज्ञ फुलझाडांचा उगम आणखी मागे नेतात, पण सर्वांना मान्य होईल असे त्याहून फार जुने फूल अद्याप खडकाने दिलेले नाही. ते कदाचित एखाद्या न चाळलेल्या गाळात पडलेले असेल.

म्हणूनच शेवटी एक विनंती. विहीर खणताना, बांध घालताना, रस्त्याची खडी फोडताना दगडात पानाची शीर, बी, लाकडाची रेघ दिसली, तर तो दगड खडीत टाकू नका. आणि नुसता उचलून घरीही आणू नका. गावाचे नाव, शेताचा गट नंबर, किती हात खोलीवर, वर कोणता दगड, खाली कोणती माती, हे सारे आधी कागदावर लिहा, मग जवळच्या महाविद्यालयाला कळवा. जागा हरवलेला जीवाश्म म्हणजे पुन्हा तो रस्त्यावरचा सुटा दाणा.

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या वर्गात जास्वंदीचे एक फूल न्या. त्याचा पराग मोठा असतो, साध्या भिंगातूनही मुलांना दिसेल. काळ्या पाटीवर थोडासा झटका आणि मुलांना सांगा, की हे फूल उद्या सकाळी कोमेजेल, पण ही भुकटी योग्य गाळात पडली, तर पर्वत झिजून जातील तोवर टिकेल. मग त्यांना विचारा, ही कोणत्या पुंकेसरातली, हे पुढच्या माणसाला कसे कळणार? मुले उत्तर शोधू लागली, की समजा तास सार्थकी लागला.